नोंद क्रमांक दोनशे सतरा

शनिवार खुटावर, सुतळीच्या गुंड्यांशेजारी
ती पडली होती, कढईवरच्या झाकणासारखी.
'न्या की साहेब,' मलिकजान म्हणाला,
'आवाज नाही आला तर भिंतीला लावा.'
सव्वा रुपया. एकोणऐंशी साल.

उजेडासमोर धरली तर कडेतून हिरवट काच दिसली.
लढाईत ॲल्युमिनियम विमानांना गेलं होतं,
म्हणून काचेवरच लाखेचा लेप देऊन तबकड्या करायचे.
पडली की संपली.
लोंढा, मिरज, परत लोंढा,
प्रत्येक बदलीत ती माझ्या मांडीवर बसून आली,
बायको समोरच्या बाकावर.

लेबल नाही. मध्यावर पेन्सिलीनं एवढंच:
कॅम्प, बेळगाव. नोव्हेंबर ४३.

पोलादी सुई लाख खरवडते.
मी खानापूरच्या रानातले करवंदीचे काटे
सावलीत वाळवून, टोक काढून लावतो.
तरी दर खेपेस थोडं गाणं
काळ्या पिठासारखं काट्याला चिकटून येतं.
म्हणून वर्षातून एकदाच.

आधी खरखर, सुपात नाचणी पाखडावी तशी.
मग ड्रमवर ब्रश.
मग पियानो, खडे बाजाराच्या उतारावरून
हात खिशात घालून येणारा.
मग क्लॅरिनेट; आणि हा कुणी गोरा नव्हे
हे मला पहिल्याच दिवशी कळलं,
सुरावर तो थेट पाय देत नाही,
खालून चाचपत येतो, मांडवातल्या सनईवाल्यासारखा.
आणि दोन मिनिटं अकरा सेकंदांवर
एक लांब, जाड, खर्जातला सूर.
एकच.
नोंदवहीत लिहिलं: ट्रॉम्बोन. वादक अज्ञात. धाडसी.

तीस वर्षं मी त्या माणसावर खूश होतो.

यंदा काचेत केसाएवढी चीर दिसली.
म्हटलं, जाण्याआधी कुणाला तरी ऐकवावी.
कॅम्पातल्या इस्मेनिया कुलासोबाई, वय त्र्याऐंशी,
डान्स हॉलात पियानोवर असायच्या म्हणे.
ग्रामोफोन रिक्षातून नेला.
त्या रताळी सोलत होत्या. सोलतच राहिल्या.
पियानो आला तेव्हा सुरी थांबली.
डाव्या हाताची बोटं परातीच्या कडेवर
आपोआप चालू लागली, सालींच्या ओल्या बोटांनी.

'सातेरी,' त्या क्लॅरिनेटला म्हणाल्या.
'सातेरी मोनाप्पा. बेळगुंदीचा.
सकाळी पलटणीच्या बँडात, रात्री आमच्यात.
बूट ड्रमरकडून मागून घालायचा.'

मग तो सूर आला.
मी अभिमानानं म्हटलं, 'ट्रॉम्बोन!'

त्या हसल्या, खोकला येईस्तोवर.
'अरे पुता, ट्रॉम्बोन खंयचो?
लॉरी ती.
अंगणात उभी होती, पोरांना स्टेशनवर न्यायला.
ड्रायव्हरनं भोंगा दाबला नि सोडीचना.
तो कॅप्टन हात हलवतोय, थांबा, थांबा, थाळी वाया गेली.
मी बघितलं, भोंगा कुठल्या सुरावर आहे.
नि पुढचं सगळं तिकडं वळवलं.'

पुन्हा लावायचं नाही हा माझा नियम.
पुन्हा लावली.
खरंच.
भोंग्याच्या आधी एक वाट, नंतर दुसरी.
डाव्या हाताची दोन पावलं,
दारात कुणी आलं की आपण बाजूला सरकतो तशी,
आणि त्या आडदांड आवाजाला बसायला जागा झाली.
त्यानंतर मात्र क्लॅरिनेट नाही.
ते मी कधी नोंदवलंच नव्हतं.

'पेटीत ठेवत होता,' त्या म्हणाल्या. 'नीट पुसून.'

विचारू की नको असं करत विचारलं.
'आला की परत. इटलीहून.
उजव्या हाताची दोन बोटं तिकडंच.
मग शनिवारच्या नाचाला खुर्च्या मांडायचा.
मला वाटतं, मुद्दाम एक मांडायचा नाही.
नाही, तसं काही नाही, खुर्च्याच कमी होत्या.'

रताळं त्यांनी पुन्हा हातात घेतलं.
'ठेवून जा हवं तर.'
मी ठेवली नाही. इतका मोठा मी नाही.

घरी येऊन नोंदवही काढली.
ट्रॉम्बोन खोडला नाही, खाली जागा होती तिथं लिहिलं:
लॉरी, तीन टनी. चालक अज्ञात.
आणि शाई वाळायच्या आत,
दोन मिनिटं सव्वीसपासून पुढं, कडेपर्यंत:
सातेरी मोनाप्पा, बेळगुंदी.
वाजवत नाही.